सहानुभूतीची रांग

डेटन, ओहायो

तीर्थस्वरूप ओडेसा आत्यास, क्लिफ्टनचा शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? चर्चच्या गाण्यात बेव्हर्लीबाईंच्या वर आवाज चढवतेस ना अजून? (नाही म्हणू नकोस, मी ओळखून आहे तुला.) मी ठीक, फक्त घसा बसलाय. का, ते ऐक.

आमच्या शाळेत काळी मुलं निम्मी आणि काळा मास्तर मी एकटा. मुलांची मनं कळावीत म्हणून गेल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर शिक्षकांचं शिबिर भरलं. शिबिरवाल्या बाईंचं फर्मान निघालं: प्रत्येक गोऱ्या शिक्षकाने एका काळ्या सहकाऱ्याचं दुःख मनापासून ऐकायचं. झालं! माझ्यासमोर ही भलीमोठी रांग! पहिल्या तिघांना मी खरीखुरी दुःखं दिली. मग साठा संपला, तेव्हा गाडी लावायला जागा मिळत नाही हे रडगाणं गायलो, तरी लोक हुंदके देतच होते. विज्ञानाचे मास्तर तर रडून झाल्यावर पुन्हा रांगेत उभे राहिले. सगळ्यांत जास्त रडल्या गणिताच्या ओल्सनबाई, तेही माझ्या खांद्यावर. (इस्त्रीचा शर्ट, आत्या!) त्यांची समजूत मीच काढली, पाणीही मीच आणायला गेलो.

बाहेर बाकावर रेनेटा बसलेली. माझ्या वादविवाद संघातली सगळ्यांत तडफदार पोरगी. ओल्सनबाईंच्या तासाला अवघड गणित सुटलं म्हणून आनंदाने ओरडली, तर बाईंनी 'धमकावणीचा सूर' अशी तक्रार ठोकली. येत्या शुक्रवारी सुनावणी. शाळेतून काढलं तर शनिवारची राज्यस्पर्धा गेलीच. (तिथे तिला निवडलंय ते त्या आवाजासाठीच!) बिचारीला फक्त आपली बाजू सांगायची होती. मुख्याध्यापकांनी सांगितलं, शिबिर संपेपर्यंत थांब.

मी आत येऊन म्हटलं, "अहो, माझं काय ऐकत बसलाय? बाहेर पोरगी बसलीये, तिचं ऐका की!"

ओल्सनबाई नाक पुसत म्हणाल्या, "ते शिस्तीचं प्रकरण आहे, क्लिफ्टन. आज आपण भावनांवर काम करतोय."

असं डोकं सणकलं म्हणून सांगू! परत बाहेर आलो तर रेनेटा दप्तर उचलत होती. "सर, त्यांचं रडून झालं का? माझी बस चुकेल." आणि गेली. मला फार वाईट वाटलं, आत्या.

असो. तब्येतीला जप, जिने चढू नकोस.

तुझा भाचा,
क्लिफ्टन

ता. क. : रेनेटाची आई इस्पितळात नोकरीला, तिला शुक्रवारी रजा नाही. सुनावणीला तिच्या जागी तिने सांगितलेलं वडीलधारं कोणी चालतं. आईला विचारून मी तुझं नाव देऊन टाकलंय. (दोनच जिने आहेत.) ती जांभळी हॅट घालून ये आणि मी चर्चमध्ये हसलो की बघायचीस तशी नुसती बघ.

पुन्हा ता. क. : तू येणार हे ओल्सनबाईंना कळलंय. तुझंही दुःख ऐकायचंय म्हणे, रुमाल घेऊनच येणार आहेत. त्यांना म्हणावं, जरूर. पण रांगेत रेनेटाच्या मागे उभ्या राहा.