मूळ गाव

१७ नोव्हेंबर
सुनंदाची तेरवी झाली. पाहुणे गेल्यावर दार लावायला गेलो, तर तिची गवती कोरफड चौकटीच्या खिळ्याला उलटी टांगलेली, मुळे वर. कुंडी रिकामी. काम माझ्या मेहुणीचे, सु.च्या बहिणीचे, शोभाचे. "या घराले नजर लागली होती," म्हणाली. बघत माझ्याकडे होती.

१८ नोव्हें.
शोभा धरमपेठेला तिच्या घरी गेल्याबरोबर काढली, पुन्हा लावली. पाने गवतासारखी अरुंद, बुडाशी पांढरे ठिपके, कडेला बारीक दात. दारावर टांगतात त्या जाड कोरफडीसारखे काही नाही. कुंडीत सु.च्या अक्षरातली पाटी: 'गवती कोरफड. नाव: . मूळ गाव: .' दोन्ही जागा कोऱ्या. रामदासपेठेत तिचे कॉलेजचे सर राहतात. त्यांना दाखवायला घेऊन चला, म्हणायची. मी दर रविवारी म्हणायचो, पुढच्या रविवारी.

३० नोव्हें.
रोज पाणी घालतो, तरी पाने वाळली. शोभा आली होती. "मेली जी ते, भाऊजी. काहून पाणी टाकून राहिले? सुकली म्हंजे नजर तिनं घेतली. आता जाळून टाका." कुंडी उचलायला वाकली. "हात लावायचा नाही," म्हणालो. आवाज चढला. चहा न घेता गेली. बरे झाले.

८ डिसें.
सरांकडे कुंडी नेली. त्यांनी भिंगातून पाहिले. पाने समोरासमोर दोन रांगांत, मधोमध घडी घातल्यासारखी. दक्षिण आफ्रिकेची, म्हणाले. तिकडे डोंगरउतारावरच्या गवतात उगवते, गवतातच लपते. हिवाळ्यात पाने जातात, जीव जमिनीखाली राहतो. माळाला वणवा लागतो, त्यानंतर फुटते. शोभा जाळा म्हणाली, ते सांगितले. सर हसले. "साळीबाई अर्धं बरोबर बोलल्या. पण कुंडी पेटवू नका." नक्की जात फूल आल्यावरच कळेल. मग माती चाचपली आणि विचारले, पाणी कोण घालतं? झोपलेल्या झाडाला पाणी म्हणजे मूळ कुजणे. तीन आठवडे रोज. मीच.

२ जाने.
पाणी बंद. सकाळी हात तांब्याकडे जातो. पाटीवर 'मूळ गाव' पुढे लिहिले: दक्षिण आफ्रिका, डोंगरावरचे गवत. नाव कोरेच.

१९ मार्च
ऊन तापले. कोंब नाही. उकरायचे नाही, सरांनी बजावले आहे.
शोभाचा फोन. फेकली का, विचारले. नाही म्हणालो. "मंग अमावस्येले दुसरी आणतो दाराले बांधाले." म्हणालो, खिळा काढला आहे. खोटे बोललो. फोन ठेवला, पकड आणली, खिळा उपटला. चौकटीचा टवका निघाला.
नंतर राहवले नाही. कुंडीत बोट खुपसले. खाली काहीतरी टणक लागले. मूळ की खडा, कळले नाही. माती परत सारखी केली.