अर्ध्या किकेत सुरू होणारी गाडी

सोम. २ फेब्रु.
खलील मेस्त्रीनं गाडीची वाट लावली. मागच्या आठवड्यात सर्व्हिसिंगला दिली होती, तिथंच चुकलं. काल मंगळवेढ्याला लग्नाला जाताना ठीक होती. परतताना पार बिघडली. डावीकडं कलंडवायची, चोक ओढायचा, दोन फुकटच्या किका, तिसरीला सिद्धेश्वराचं नाव. इतक्या वर्षांचा आमचा रिवाज. काल कार्यालयाबाहेर नुसता पाय ठेवला, अन् अर्ध्या किकेत सुरू! असली निर्लज्ज गाडी माझी नव्हे.
सौ. मागनं म्हणाली, "अगंबाई, आज कंबर दुखली नाही."
घ्या. हिचंही तिसरंच.

बुध. ४
ब्रेक लागतो. दाबला की लागतो! सवयीनं लांबूनच दाबला, तर रस्त्याच्या मधोमध उभा. मागचा रिक्षावाला काय बोलला ते लिहीत नाही.
शिवाय सीटला शेरडांचा वास. गॅरेजात गोठा काढलाय का ह्यानं?

गुरु. ५
मंडईत निघालो तर सौ. आपणहून मागं बसली. एरवी "तुम्ही व्हा पुढं, मी बसनं येते" म्हणणारी! वर सल्ला, "खलीलला पेढे द्या." अंगाची आग झाली.

शुक्र. ६
गेलो भांडायला. "टाकीचा पोचा तुला कुणी काढायला सांगितला? माझी गाडी होती तशी दे."
"चाचा, मैं खाली ऑइल बदल्या. बाकी हातच नै लगाया."
मग फडकं घेऊन खाली बसला. नंबरप्लेटवरचा शेण-चिखल पुसला अन् पुसता पुसता हसायला लागला. "चाचा, ये गाडीच तुमारी नै."
किल्ली घासून इतकी गुळगुळीत झालीय की कुठल्याही गाडीला लागते. लग्नातनं दुसऱ्याचीच घेऊन आलो. नंबर बघायला मी काय पोलीस आहे?
सौ.ला सांगितलं. हसेल वाटलं होतं. ती जाऊन त्या गाडीची सीट पुसत बसली.

शनि. ७
कार्यालयाच्या मॅनेजरनं फोन जोडून दिला. गडी सांगोल्याकडचा, शेरडं-मेंढरं पाळणारा. त्याचीही गाडी ह्याच मॉडेलची, ह्याच रंगाची, अन् किल्लीही घासलेली. माझी गाडी आपली समजून नेली.
"आवं काका, सुरूच हुईना की! मला वाटलं माज्या गाडीला दिष्ट लागली. रोज सगळं घर धकलतंय."
"डावीकडं कलंडवली का? चोक? दोन फुकटच्या किका?"
"गाडी हाय का सासू?"
असा राग आला! बिचारी परक्या दारात. तिच्या कलानं घेणारं कुणी नाही.
उद्या कार्यालयासमोर अदलाबदल.

रवि. ८
आली. हँडलला लिंबू-मिरची, बिब्बा, काळी बाहुली. कलंडवली, चोक, दोन किका, तिसरीला सुरू. गडी हात जोडून म्हणाला, "वळीखलं की तिनं तुमाला!"
इकडं सौ. त्याच्या गाडीवरनं उतरेना. सीटच्या कव्हरात घोंगड्याची घडी घालून शिवलीय, त्याच्या बायकोची कंबर दुखते म्हणून.
गडी म्हणाला, "त्यात काय, वैनी. तुमाला बी एक घोंगडं देतो."
"घोंगड्याचं होईल हो," सौ. म्हणाली, "ह्यांच्या ब्रेकचं काय?"
इतकी वर्षं मागं ही काय जीव मुठीत धरून बसत होती?
मला म्हणाली असती तर. म्हणाली असेलही. गाडीच्या आवाजात ऐकू आलं नसेल.
कार्यालयाच्या पायरीवर बसून लिहितोय. गडी चहा सांगायला गेलाय. माझी गाडी सुरूच ठेवलीय, बंद करायची हिंमत नाही. सौ. अजून तिकडंच बसलीय. मंगळवेढा-सोलापूर बस कधी आहे, विचारत होती.