आभाराची बाटली

३ मार्च

आला नाही! फेब्रुवारी संपला तरी बोआतेंगचा पत्ता नाही. मी विकलेल्या बेकरीचे अर्धे पैसे त्याने ऑगस्टमध्ये दिले. उरलेले अर्धे फेब्रुवारीअखेर, तशी कागदावर सही आहे त्याची. आज भट्टीपाशी जाऊन आले. माझीच भट्टी, माझेच साचे — आणि मी गिऱ्हाइकासारखी बाहेर उभी! तो पिठासाठी बाजारात गेला होता म्हणे. साखरपाव मात्र कच्चा काढतोय.

४ मार्च

घरमालक येऊन गेला. "कोनादूबाई, पुढच्या दोन वर्षांचं भाडं ईस्टरच्या आधी आगाऊ द्या. नाहीतर खोलीला माणूस तयार आहे." हसत बोलला. हसत बोलणाऱ्यांची मला जास्त भीती वाटते.

बोआतेंगने पैसे दिले नाहीत तर ह्या वयात बाडबिस्तरा घेऊन जायचं कुठे?

७ मार्च

आज गाठलंच त्याला, पोती उतरवताना. मी राहिलेल्या पैशांचं काढलं.

"मावशी, राहिलेलं कसलं? ते तर नाताळात मिटलं ना! आभाराची बाटली तू स्वतः घेतलीस, चारचौघांदेखत."

"बाटलीचा आणि पैशांचा काय संबंध रे?"

"घरच्या मोठ्यांना विचार," एवढंच म्हणाला आणि पोतं खांद्यावर घेऊन आत गेला.

घरी येऊन आठवलं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी आला होता खरा, जिन दारूची बाटली आणि बरोबर दोन म्हातारे घेऊन. मला वाटलं, पोरगा रीतीभातीचा आहे. माझ्या थोरल्या भावाने, ओपोकूदादाने, थोडी जिन जमिनीवर शिंपडून पूर्वजांना हाक मारली, मग पेला सगळ्यांत फिरला. मीही प्यायले! वर त्याचं कौतुक केलं. मूर्ख बाई!

९ मार्च

चर्चमधून तशीच ओपोकूदादाकडे गेले. त्याच्या घरावर नवे पत्रे चढलेत, अंगणात सिमेंट. "कोकोच्या पिकाने यंदा हात दिला," म्हणाला. बरं वाटलं.

बोआतेंगचं सांगितलं तशी त्याने फुफूचं ताट बाजूला सारलं.

"आभार स्वीकारलेस म्हणजे उरलेलं देणं तू सोडून दिलंस, कोनादू. माणूस आभार मानतो तो मिळालेल्या गोष्टीचे. जे देणंच असतं, त्याचे आभार कुणी मानतं का?"

"पण मी सोडलं कधी?"

"प्यायलीस तेव्हा. आता मागायला गेलीस तर ते दोन म्हातारे साक्षीला उभे राहतील. गावभर हसं होईल. गप्प बस."

आई गेल्यापासून घराण्यातला मोठा तोच. तो म्हणतो म्हणजे तसंच असणार.

१२ मार्च

जेवण जात नाही. छातीत पुन्हा घरघर. ह्या धुरापायी भट्टी विकली, आता धूर नाही तरी श्वास कोंडतो.

१५ मार्च

केलं! कुठून धीर आला कोण जाणे. वस्तीप्रमुख नानांकडे जाऊन बोआतेंगवर तक्रार घातली. म्हणाले, "बाटली कशाची होती ते आणणाऱ्यालाच विचारू. मंगळवारी या."

दादाला कळलं तसा धावतच आला. "मला न विचारता? कुणी शिकवलं तुला?" एवढं चिडलेलं त्याला कधी पाहिलं नव्हतं. मी रडायलाच लागले. मग खाली बसला, पाणी प्यायला, एकदम मऊ झाला. "बरं, जाऊ दे. तुझ्या वतीने मी बोलेन. तू तोंड उघडायचं नाहीस. मीच येतो तुला न्यायला."

जीव भांड्यात पडला. निदान एकटी नाही मी.

१७ मार्च

उद्या. सहीचा कागद पिशवीत घालून ठेवला.

१८ मार्च, सकाळ

बोआतेंग आला होता. हातात दोन पाव. बसला नाही.

"मावशी, नानांसमोर तुझी लाज जायला नको म्हणून आधीच सांगतो. पैसे मी नाताळच्या आदल्या दिवशी ओपोकूकाकांच्या हातात दिले. सगळे. घराण्यातल्या मोठ्याच्या हातात द्यायचे, हीच रीत ना? तेच म्हणाले, 'आता बहिणीसाठी आभाराची बाटली आण, म्हणजे व्यवहार पुरा.' त्या दिवशी तू विचारलंस, मला वाटलं, त्यांनी अजून पोचवले नसतील. भावाबहिणीत मी कशाला काडी घालू?"

गेला. पाव तसेच पडलेत.

फाटकातून दादाची हाक — "कोनादू! आवर, चल!" जन्मभर ह्या हाकेला ओ देत आले. आज आतून कडी लावली आहे.