मेंढा प्रकरणातला माझा कणखरपणा

१४ ऑक्टोबर १९८६, मंगळवार
डीनने बोलावून घेतलं. कॉलेजच्या खेळाडूंसाठीच्या शिस्त समितीचं अध्यक्षपद मला! आधी चौघांनी नाही म्हटलं होतं, असं त्याची सेक्रेटरी म्हणाली. घाबरले असणार. स्टॅटिस्टिक्स शिकवणाऱ्या माणसाची निःपक्षपाती नजर टेक्ससमध्ये अखेर कोणालातरी दिसली. नियमांचं जाडजूड पुस्तक मिळालंय. उद्यापासून रोज वीस पानं.
उत्तराला सांगितलं. तिने विचारलं, इथल्या हाताने खेळायच्या फुटबॉलमध्ये बॉल कुठल्या टीमकडे आहे ते तरी तुम्हाला कळतं का? बायकोने असं विचारावं! मला शिस्त कळते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
पहिलीच केस, आणि काय केस! डेल हॉपर, आमच्या टीमचा हिरो. दाराएवढा रुंद. त्याने शेजारच्या गावच्या कॉलेजचा मॅस्कॉट, म्हणजे टीमचं शुभचिन्ह असलेला जिवंत मेंढा, पळवून डॉर्मच्या बाथरूममध्ये ठेवला. शेरीफने चार्ज लावलाय. इथे जनावर चोरणं म्हणजे साधासुधा गुन्हा नाही.
८ नोव्हेंबरला त्याच कॉलेजशी मॅच. सगळं गाव विचारतंय, हॉपर खेळणार का?
नाही खेळणार. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत मैदानाबाहेर, बेंचवर. कोणीही येऊन रडो.
पुस्तक: प्रस्तावना अर्धी झाली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
कोच मॅकब्राइडना भेटलो. कडक बोलायचं ठरवून गेलो होतो. त्यांनी खांद्यावर हात ठेवला (खांदा अजून दुखतोय), मला ‘डॉक’ म्हणाले. हॉपर मनाचा फार चांगला, मेंढ्याला थंडी वाजत होती म्हणून आत घेतला, असं त्यांचं म्हणणं. कॉलेजचं लाल जॅकेट दिलं. नको म्हणणार होतो, पण त्यांच्या ऑफिसात एसी फार होता.
जॅकेटने माणसाचे विचार बदलत नाहीत. मापाचं आहे.

२० ऑक्टोबर, सोमवार
समितीची मीटिंग. मी जाहीर केलं: सस्पेंड! कोचनी विनंती केली की सुरुवातीला फक्त येता शनिवार करा, मग बघू. मी म्हटलं, ठीक, पण पूर्ण शनिवार. एक मिनिटसुद्धा मैदानावर नाही. कोचनी तोंड झाकून घेतलं. खांदे हलत होते. एवढा मोठा माणूस रडला. वाईट वाटलं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

२५ ऑक्टोबर, शनिवार
शिक्षेची अंमलबजावणी बघायला जॅकेट घालून स्टेडियमवर गेलो. चिटपाखरू नाही. गवत कापणाऱ्या माणसाने सांगितलं, ह्या शनिवारी मॅचच नाही, टीमला सुट्टी आहे.
घरी कांचन इंग्लिशमध्ये म्हणाली की हे तिच्या हायस्कूलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मुलगी सोळाची झाली की बापाला असंच बोलते.
तरी, हॉपर आज खेळला नाही हे नाकारता येणार नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार
आता खरी शिक्षा. कल्पना संपूर्ण माझी. रविवारी डॅलसला आमच्या महाराष्ट्र मंडळाची दिवाळी आहे. हॉपरने तिथे खुर्च्या उचलायच्या. समाजसेवा! कोच लगेच हो म्हणाले. वचकून आहेत मला. मंडळाचा सेक्रेटरी प्रताप म्हणाला, यार, एकच का, पूर्ण टीम पाठव.
पुस्तक: दिवाळी झाली की.

२ नोव्हेंबर, रविवार
काय दिवस! हॉपरने एका खेपेत आठ-आठ खुर्च्या नेल्या. नाटकाचा सेट एकट्याने उभा केला. सगळ्या काकू त्याच्यामागे चकल्यांची ताटं घेऊन.
ऐन वेळी प्रमुख पाहुण्यांचा फोन: फ्लाइट कॅन्सल. स्टेजवर शाल-श्रीफळ तयार. प्रताप कानात म्हणाला, शाल काढलीय, आता कोणाला तरी घालायलाच हवी. आमच्या मंडळाची रीतच आहे ती. गेल्या वर्षी माइकवाल्याला घातली होती. शेवटी हॉपरला बोलावलं. माझ्याच हस्ते सत्कार! ‘खेळ आणि चारित्र्य’ ह्यावर थोडं बोललो. लोक जेवायला उठले तेव्हा थांबलो.
शाल त्याच्या एकाच खांद्याला पुरली. नारळ मिळताच तो फुटबॉलसारखा काखेत धरून, मान खाली घालून, हॉलच्या टोकापर्यंत धावला. टाळ्याच टाळ्या. परत आला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, ह्याआधी त्याच्या अंगावर कोणी काही पांघरलं नव्हतं, आई सोडून.
मुलगा सुधारला.

४ नोव्हेंबर, मंगळवार
पेपरात आमचा फोटो. प्रतापने पाठवला, मंडळाची पब्लिसिटी म्हणून. दुपारी डीनचा फोन. कॉलेजच्या माणसाने खेळाडूला भेटवस्तू द्यायची नसते. पुस्तकाच्या तिसऱ्या पानावर आहे म्हणे. मी प्रस्तावना नीट वाचत होतो.
मग खेळांच्या संघटनेच्या चौकशी अधिकाऱ्याचा फोन. शाल कसली? मी अभिमानाने सांगितलं, अस्सल पश्मिना. उत्तरा समोरून दोन्ही हात हलवत होती. मला वाटलं चहा नको म्हणतेय. शाल मिलची, सेलमधली होती, हे फोन ठेवल्यावर कळलं. त्याने नारळाचीही किंमत विचारली.

६ नोव्हेंबर, गुरुवार
त्या कॉलेजने तक्रार मागे घेतली. मेंढा धष्टपुष्ट होऊन परत आला, म्हणून खूश आहेत. चार्ज रद्द. कोर्टाच्या लेखी हॉपर निर्दोष.
पण शनिवारी खेळता येणार नाही, संघटनेने बंदी घातलीय. शालीमुळे.
म्हणजे मी ठरवलं होतं तसंच झालं. बेंचवर! हे कोणाला सांगायची सोय नाही. ग्रोसरीत कॅशियर बोलली नाही. कांचन शाळेच्या एक ब्लॉक आधीच गाडीतून उतरते.

८ नोव्हेंबर, शनिवार
गेलो नाही. गराजमध्ये रेडिओ ऐकला. ३१–३. तीन आपले.
उत्तरा आणि कांचन गेल्या होत्या. हॉपरचं हे शेवटचं वर्ष. त्याची आई ओक्लाहोमाहून बसने आली होती, मुलाला खेळताना बघायला. तो साध्या कपड्यांत तिच्या शेजारी बसला होता. उत्तराने त्यांना चकल्या दिल्या. त्याने विचारलं, डॉक का नाही आले?
फार वाईट वाटलं. रात्री जेवलो नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार
पेपरात कॉलेजचं निवेदन: ‘मेंढा प्रकरण आम्ही गांभीर्याने घेतलं असून दोषी व्यक्तीवर तातडीने कारवाई केली आहे.’ हॉपरचं नाव शोधलं. नव्हतं. माझं होतं.
ठरवलं, आता ताठ मानेने राजीनामा द्यायचा. डीनला फोन केला. सेक्रेटरी म्हणाली, त्याची गरज नाही, तुम्हाला मागच्या मंगळवारीच काढलंय. नवे अध्यक्ष कोण, विचारलं.
कोच मॅकब्राइड.