पाच नाण्यांचा टाक

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. कुरकुंभच्या कंपनीतून सुटलात की घरीच यायचात ना! पण आज जुन्या नाण्यांचा अभ्यास करणारे तुमचे पुण्याचे सर मांडवगणला आपल्या घरी आले होते, तुमची नाणी न्यायला. ते गेल्यापासून काही सुचेना, म्हणून लिहिते.

नाणी नाहीत हो. मी सांभाळली नाहीत.

पहिलं नाणं आणलंत तो दिवस आठवतो? मशीन बसवायला फ्रान्सहून आलेल्या साहेबानं जाताना तुमच्या हातावर ठेवलेलं. चारशे वर्षांपूर्वीची चांदी, वर कोवळ्या राजाचा चेहरा. मग तुम्हाला वेडच लागलं! एसटीडी बूथवरून सरांना फोन, ओव्हरटाइम करून त्यांच्यामार्फत तसलंच एकेक नाणं. आठ वर्षांत पाच. मी चिडायचे, तर तुम्ही सांगायचात, "शालन, तवा फ्रान्सात एकाच देवाची माणसं गं, पण प्रार्थना कशी करायची यावरून एकमेकांना कापत व्हती. शिपायांच्या पगारासाठी चर्चमधली चांदीची भांडी वितळवली, आन् त्याची ही नाणी पाडली."

"देवाची भांडी?"

"व्हय. म्हणून तर हातात घेतलं की कसंतरीच व्हतं."

मग तुमची छाती भरायला लागली. दौंडच्या दवाखान्यात शेवटी बोलवतही नव्हतं, तरी माझं मनगट धरून म्हणालात, "नाणी सरांना दे. मोडू देऊ नको." मी हो म्हटलं.

वर्षश्राद्धाआधी तुमच्या आईंनी विषय काढला. अवेळी गेलेल्याचा चांदीचा टाक देव्हाऱ्यात बसवायचा, ही आपल्या घरची रीत. "त्याचीच चांदी हाय की डब्यात. बाहेरची कशाला?"

सांगायचं होतं हो मला! पण पोटचा पोर गेलेल्या बाईला नाही कसं म्हणू? डबा मीच काढून दिला. सोनाराकडे शेवटपर्यंत बसले. राजाचा चेहरा लाल झाला, मग चेहराच राहिला नाही.

टाकावर घोड्यावरचा वीर आहे. सोनाराकडे तो एकच ठसा होता. तुम्ही कधी घोड्यावर बसलात?

सरांनी टाक हातात घेतला. उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "पाचही?" मी मान हलवली. चहा तसाच ठेवून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं!

राग मलाही येतो, तुमचा. हे आईंना तुम्ही स्वतः का नाही सांगितलंत? माझ्या एकटीवर का टाकलंत?

आईंनी विचारलं, "कोण व्हतं गं?"

"त्यांच्या ओळखीचे. टाकाचं दर्शन घ्यायला आले होते."

किती बरं वाटलं त्यांना! रोज सकाळी त्या टाकाला ऊन पाण्यानं आंघोळ घालतात. पुसता पुसता विचारतात, "खोकला कमी हाय का रं आता?"

तुम्हाला दिलेला एक शब्द मी मोडला. आता दुसरा देते. तुम्ही काय सांगून गेलात, ते त्या असेपर्यंत त्यांना कळू देणार नाही.

तुमची,
शालन