शांत खोली, माझ्या देखरेखीखाली

३ जून
ताईच्या शाळेचं काम मिळालं. ती तिथे विशेष शिक्षिका आहे. काही मुलांना गोंगाट, झगझगीत उजेड, गर्दी सोसत नाही. अशी मुलं बिथरली की त्यांना निवांत बसता यावं म्हणून एक खोली सजवायची. आजवर ब्यूटी पार्लरंच सजवली, पण शांतपणा माझ्या रक्तातच आहे. बायकोला हे सांगितलं, तर तिला ठसका लागला.

५ जून
संकल्प: आधी मुलांना भेटायचं, मगच डिझाइन.

६ जून
डिझाइन झालं. कारंजं, रंग बदलणारे दिवे, बासरी, लव्हेंडरचा फवारा. मुलांना भेटू सावकाश. ताई म्हणते मऊ गादी आणि जाड पडदे पुरेत. तिला सौंदर्यदृष्टी लहानपणापासूनच नाही.

१४ जून
कारंजं नळ गळल्यासारखं वाजतंय. तो आवाज दाबायला बासरी मोठी केली.

१९ जून, दुपारी
चाचणी. वर्गात बाकं सरकवली म्हणून चिमणी बिथरली होती. (ताईच्या वर्गातली मुलगी, दहा-अकरा वर्षांची. बोलते अगदी कमी.) ताई तिला खोलीत घेऊन आली. आत पाऊल टाकताच पोरीने कान गच्च झाकले, पळत सुटली आणि जिन्याखाली झाडू-बादल्यांत जाऊन बसली. तिथे शांत झाली. ताईला म्हटलं, सवय नाही तिला. ताई बादली सरकवून पोरीजवळ जाऊन बसली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

२० जून
जेवण गेलं नाही. पोर थरथरत होती. कारंजंच नडलं. दिवे मात्र ठेवावेत, असं माझं ठाम मत.

२४ जून
ताईने बजावलं, मत चिमणीचं विचार. विचारलं. चिमणीने कारंज्याकडे बोट केलं. काढलं. बासरीकडे. बंद केली. मग फवारा. मग दिवे (इथे मी थोडी घासाघीस केली). शेवटी ताईने आणून ठेवलेली गादी आणि पडदे उरले. तिला हळू आवाजात समजावलं की साधेपणा हीच आजची स्टाइल, मुळात माझ्याही मनात हेच होतं, वगैरे. बराच वेळ समजावलं.
तिने पुन्हा बोट उचललं. माझ्याकडे.
बाहेर आलो. दाराच्या काचेतून पाहिलं. ती गादीवर आडवी झाली होती, कानांवरचे हात सुटले होते. ताई कुजबुजली, झाली बघ खोली.
मी काहीतरी बोलणार होतो. नाही बोललो.