भागीरथाबाईच्या हाकेला ओ मिळण्याबाबत

दिनांक : ६ मे २०२५

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी साहेब,
वनपरिक्षेत्र कार्यालय, चिचगुडा,
जि. गडचिरोली.

विषय : मौजा सावरटोला येथील श्रीमती भागीरथा देवराव लेनगुरे यांच्या हाकेला गावात कोणीही ओ देत नसल्याबाबत, व आपण स्वतः येऊन एकदा ओ देण्याबाबत.

संदर्भ : याच विषयाचा माझा पहिला अर्ज, व त्यावर आपल्या कार्यालयाचे ‘सदर बाब या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही’ असे उत्तर.

महोदय,

१. मी खाली सही करणार गुणाबाई मुखरू मोहुर्ले, राहणार सावरटोला, तेंदूपत्ता तोडणाऱ्या टोळीत वयाने मोठी म्हणून पुढे चालणारी, सविनय अर्ज करते की, आपले उत्तर मिळाले. परंतु हाक जंगलात मारली जाते व जंगल आपल्या कक्षेत आहे. म्हणून पुन्हा लिहीत आहे. राग मानू नये.

२. आपण बाहेरून बदलून आलात, म्हणून आमची रीत सांगणे भाग आहे. पाने तोडताना माणसे झुडपांत पांगतात, कोणी कोणाला दिसत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळाने एकाने दुसऱ्याचे नाव घेऊन हाक मारायची व त्याने ओ द्यायची. ओ आली म्हणजे माणूस आहे. ओ नाही आली की सगळ्यांनी हातची पाने टाकून बोंब ठोकत तिकडे धावायचे. आमच्या हातात कुऱ्हाड असते, पण खरा आधार या ओचाच असतो.

३. मागच्या हंगामात भागीरथाबाईने तिचा नवरा देवराव याला हाक मारली. त्याने ओ दिली. दुसऱ्या हाकेला ओ आली नाही, वाघाने नेला होता. यंदा मोहफुले वेचताना तिने मुखरूला हाक मारली, त्यानेही ओ दिली आणि त्याचेही तेच झाले. तेव्हापासून गावाने मनात धरले आहे की, “भागीच्या हाकेले ओ देल्ली का वाघ आवाज वळखते.” आता टोळी तिला सोबत नेत नाही. माझ्याच टोळीतल्या बाया मला म्हणतात, “बाई, तू ये, पण तिले आणू नको.”

४. मयत मुखरू हे माझे पती होत. ज्या घरचा माणूस गेला त्या घरची बाई भागीरथाला दोष देत नाही, मग बाकीच्यांना कोणी वकील नेमले आहे? उलट ओ आली नाही तेव्हा पहिली धावली ती हीच. एकटी ओरडत गेली म्हणून वाघ उठला, व माझ्या नवऱ्याचा देह मला पूर्ण मिळाला. हे मी गावात घरोघर सांगितले. लोक माझ्यापाशी रडतात, चहा देतात आणि तिची सावली दिसली की दार लावून घेतात. माणसे वाईट नाहीत, साहेब, भ्यालेली आहेत. पण मले लय राग येते, हे पण खरे आहे.

५. आधी ही गोष्ट जंगलापुरती होती. आता बोअरिंगवर ती “सरका वं बाई” म्हणाली तरी बाया तोंड फिरवतात. तिची मुलगी करिष्मा आठवीत आहे, तिलाही मैत्रिणी ओ देत नाहीत. तिची आंधळी सासू खाटेवरून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारते, “कोन होय? थांब ना गा!” पाय वाजतात, पण उत्तर येत नाही. म्हातारीला वाटते आपले कान गेले.

६. आपल्या कार्यालयाने काही केले नाही असे माझे म्हणणे नाही. आपण भागीरथाबाईला शिट्टी दिली. शिट्टीला ओ कोण देणार, हे मात्र सांगितले नाही. वाघ पाठीमागून येतो म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूने लावायचा माणसाच्या तोंडाचा मुखवटा दिला. त्यामुळे तिला आता दोन तोंडे झाली आहेत व बोलायला कोणी नाही. आपली नोटीस सांगते की जंगलात एकट्याने जाऊ नये, टोळीनेच जावे. टोळी तिला घेत नाही, व एकटी गेली तर गार्डसाहेब नाक्यावरून परत पाठवतात. म्हणजे वाघाने सोडलेली बाई नोटिशीने धरली.

भागीरथाबाईच्या नावाचा अर्ज घेऊन आम्ही दोघी तंटामुक्ती समितीकडे गेलो. समितीने सभा घेतली. भागीरथाबाई उभी राहून म्हणाली, “मी इथी हाओ, मले बोलू द्या.” तिच्या बोलण्याला ओ द्यायला कोणी धजले नाही. शेवटी ‘गावात कोणावरही बहिष्कार नाही’ असा ठराव झाला व त्यात ‘अर्जदार गैरहजर’ असे लिहिले. ठरावाची झेरॉक्स जोडली आहे. ठाण्यात म्हणाले, कायदा आहे, केस करा. केस केली तर लोक कोर्टात बोलतील, हाकेला बोलणार नाहीत. मला गावाला शिक्षा नको, तिला सोबत पाहिजे.

७. आता ती शाळेत करिष्माचा दाखला मागून आली. म्हणते, “बाई, आमी कुठी तरी निघून जातो. जिथी कोनी वळखत नाई तिथी तं बोलतीन.” आंधळी सासू व पोर घेऊन ही बाई कोणत्या गावच्या रस्त्यावर बसणार? देवरावचे घर असे उठले तर ते वाघाने उठवले असे मी म्हणणार नाही.

८. तरी विनंती की, येत्या सोमवारी पहाटे आपण वर्दी घालून जंगलाच्या कडेला यावे. सगळी टोळी तिथे असते. भागीरथाबाई आपले नाव घेऊन हाक मारेल, आपण मोठ्याने ओ द्यावी. साहेबाने ओ दिली व साहेब जेवायच्या वेळेला धडधाकट घरी गेले, एवढे लोकांनी पाहिले तर पुष्कळ आहे. यास खर्च नाही व वरची मंजुरी लागत नाही.

९. आपण आलात किंवा नाही आलात, तरी सोमवारी मी भागीरथासोबत जाणार आहे. दोघी म्हणजे टोळी नव्हे असे गार्डसाहेब म्हणतील, त्यांना म्हणू द्यावे. ती हाक मारेल, मी ओ देईन. मला भीती वाटत नाही असे नाही. पण एक गोष्ट आत्ताच लिहून देते, कारण नंतर मला सांगता येणार नाही. माझे काही बरेवाईट झाले तर तो वाघ होता, भागीरथा नव्हे. त्या दिवशी कोणीतरी हा परिच्छेद चावडीवर मोठ्याने वाचावा, व वाचून झाल्यावर तिला तिच्या नावाने हाक मारावी.

आपल्या उत्तराची नव्हे, येण्याची वाट पाहणारी,

गुणाबाई मुखरू मोहुर्ले
(सही स्वतःच्या हाताने केली आहे)